मोबाइलमधील दैनंदिनी आणि शेतीकामाचे ज्ञान

कृषी अधिकारी, आमगाव (जि. गोंदिया)

कोठीत भरलेले धान्य वर्षभरात खाऊन संपते. बियाण्यासाठी राखलेले धान्य मात्र निवडून, वाळवून वेगळे ठेवले जाते आणि पुढील मृगात त्याच्यावरच सारे शेत उभे राहते. दोन्ही धान्ये एकाच बांधीतून आलेली असतात. त्यांच्यातील फरक निवडण्याचा व राखण्याचा असतो.

रोजच्या कामाच्या नोंदींचेही असेच आहे. बहुतेक नोंदी त्या दिवसापुरत्या असतात व काम संपले की त्यांचा उपयोगही संपतो. परंतु त्यांतच काही नोंदी अशा असतात की, त्या वेळीच निवडून ठेवल्या तर पुढील हंगामात, दुसऱ्या बांधीत व दुसऱ्या माणसाच्या हातीही त्या कामास येतात. अशा नोंदी कशा ओळखाव्या व कशा राखाव्या, याचा विचार या लेखात केला आहे.

नोंद पुष्कळ, ज्ञान थोडे

सामूहिक विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला, तेव्हापासून गावपातळीवरील कार्यकर्ता आणि त्याची दैनंदिनी यांची जोडी आहे. आता ही दैनंदिनी कागदावरून मोबाइलवर येऊ लागली आहे. दिनदर्शिका, कामांची यादी, टिपणवही आणि वेळेवर वाजणारी आठवणीची घंटा या चारही गोष्टी एकाच ॲपमध्ये मिळतात. शेतकरी बंधूंनाही मोबाइलवर नोंद करणे नवे राहिलेले नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली व आपल्या पिकाची नोंद आपणच करण्याची सवय अनेकांना लागली.

असे असूनही अडचण उरतेच. कामांच्या यादीत आपण लिहितो, “पऱ्हे टाकणे,” “तुडतुड्यावर फवारणी,” “पाण्याच्या पाळीबाबत बैठक.” काम झाले की त्यावर खूण करतो, आणि ती ओळ डोळ्यांआड होते. वर्षअखेर पाहिले तर शेकडो खुणा केलेल्या दिसतात. त्यांवरून काम झाले एवढेच कळते. ते का लांबले, कोणत्या बांधीत साधले, कोठे फसले, पुढच्या वेळी काय निराळे करावे, यांपैकी काहीच कळत नाही. म्हणून तोच प्रश्न पुढील वर्षी पुन्हा नव्याने सोडवावा लागतो, आणि धानाच्या शेतीत त्या पुन्हा सोडविण्यास लागणारे आठ दिवस कित्येकदा फार महाग पडतात.

निवडून राखण्याचे सामर्थ्य

निवडून राखण्याने काय घडू शकते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्याच मुलखात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांचे शालेय शिक्षण फार थोडे झाले होते. १९८३ साली पटेल-३ या वाणाच्या शेतात त्यांना काही झाडांच्या लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि अनेक हंगाम निवड करीत राहिले. १९९० च्या सुमारास तो धान बाजारात गेला, तेव्हा त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्यास एचएमटी हे नाव पडले. या बारीक तांदळाचे नाव आज विदर्भात घरोघरी माहीत आहे. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते खोब्रागडे यांचा सन्मान झाला. ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले.

निराळी लोंबी इतरांच्याही दृष्टीस पडली असेल. पण ती रोजच्या राशीत मिसळू न देता बाजूस काढणे, आणि पुढील हंगामात मुद्दाम पुन्हा पेरून पाहणे, या दोन कृतींमुळे एक वाण उभा राहिला. नोंदींच्या बाबतीत आपणांस नेमक्या याच दोन कृती करावयाच्या आहेत. त्यांसाठी मोबाइल हे साधन फार सोयीचे आहे, कारण निवडलेली नोंद वेगळ्या कप्प्यात टाकणे व पुढील वर्षाच्या नेमक्या दिवशी ती समोर आणणे, ही दोन्ही कामे त्यात एका मिनिटात होतात.

टिपण केव्हा व कसे लिहावे

उत्तम वेळ एकच आहे, आणि ती म्हणजे काम संपल्याची खूण करण्याचा क्षण. त्या वेळी पायाला चिखल असतो, चूड डोळ्यांसमोर असते आणि मजूर स्त्रियांचे बोलणे कानात असते. रात्री घरी येऊन लिहू म्हटले की अर्धे विसरते आणि उरलेले अर्धे गुळगुळीत होते. बोट ओले असल्यास ॲपमध्ये मराठीत बोलून लिहिण्याची सोय वापरावी. व्याकरणाची चिंता करू नये.

टिपणात पाच गोष्टी असाव्या.

१. काम : काय केले, नेमके किती.
२. ठिकाण : कोणती बांधी, कोणती जमीन, पाणी कोठले.
३. वेळ : तारखेबरोबर पिकाचे वय.
४. फळ : काय झाले. चांगले किंवा वाईट, दोन्ही.
५. पुढील वेळी : काय करावे किंवा काय टाळावे.

यांतील दुसरी गोष्ट बहुधा सुटते, आणि ती सुटली की टिपण उपयोगाऐवजी अपाय करते. आपल्या भागात कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बर्डी अशी जमिनीची नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. भारी काळ्या कन्हारीत पाणी टिकते. उंचवट्याच्या मुरमाड बर्डीत ते टिकत नाही. “रोवणीनंतर पाण्याची पाळी दहा दिवसांनी दिली, पीक उत्तम,” एवढेच टिपण कन्हारीतून उचलून बर्डीत नेले तर नुकसान ठरलेले आहे. म्हणून जमिनीचे नाव लिहिल्याशिवाय टिपण पुरे समजू नये.

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ साली गव्हाच्या खतांचे प्रयोग सुरू झाले, ते आजतागायत चालू आहेत. कोणत्या पट्ट्यात कोणते खत घातले व काय पिकले हे तेथे वर्षानुवर्षे लिहून ठेवले गेले. त्यामुळे आरंभी ज्यांची कल्पनाही नव्हती अशा प्रश्नांची उत्तरे पुढील पिढ्यांना त्या नोंदींतून शोधता आली. केवळ “खत घातले, पीक आले” असे लिहिले असते, तर त्या वह्या रद्दीच्या भावाने गेल्या असत्या.

पहिले उदाहरण : पऱ्हे

उदाहरणादाखल अशी कल्पना करू की, एका शेतकऱ्याच्या यादीत “१२ जून : पऱ्हे टाकले” एवढीच ओळ आहे. ही झाली खाण्याच्या धान्यासारखी नोंद. तीच पुढीलप्रमाणे लिहिली तर बियाणे होईल :

“१२ जून. सर्व पऱ्हे एकाच दिवशी टाकले. विहिरीजवळची सिहार जमीन. पुढे पंधरा दिवस पाऊस नाही, पऱ्ह्यास दोनदा पाणी दिले. बांधीत चिखलणीपुरते पाणी १५ जुलैला साचले, तेव्हा पऱ्हे ३३ दिवसांचे. उपटताना मुळे तुटली, फुटवे कमी. पुढील वेळी पऱ्हे दोन टप्प्यांत, आठ दिवसांच्या अंतराने टाकावे.”

शिफारस अशी की, रोवणीसाठी पऱ्हे साधारणपणे २१ ते २५ दिवसांचे असावे. हे प्रत्येक पुस्तिकेत छापलेले असते व बहुतेकांना तोंडपाठही असते. परंतु ज्याची बांधी पावसाच्या किंवा मामा तलावाच्या पाण्यावर अवलंबून आहे, त्याने ही शिफारस पाळावी कशी, हे पुस्तिकेत सापडत नाही. ते वरील टिपणात सापडते. शिफारस सर्वांसाठी सारखी असते. ती आपल्या बांधीत उतरविण्याची रीत मात्र ज्याची त्याला शोधावी लागते, आणि एकदा शोधल्यावर ती हरवू देणे हा मोठाच तोटा होय.

दुसरे उदाहरण : तुडतुडे

ऑक्टोबर महिन्यात धान निसवलेला असतो, वरून शेत हिरवेगार दिसते, आणि चार-आठ दिवसांत मध्येच गोल चट्टे पडून पीक करपल्यासारखे वाळते. तपकिरी तुडतुड्याने केलेले हे नुकसान बहुतेक शेतकऱ्यांनी पाहिले आहे. या किडीची वस्ती चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या किंचित वर असते. धुऱ्यावर उभे राहून ती दिसत नाही. चट्टा दिसला तेव्हा उशीर झालेला असतो.

अशा वेळी “१८ ऑक्टोबर : फवारणी केली” ही नोंद पुढील वर्षी काहीही शिकवीत नाही. कार्यकर्त्याने त्याच दिवशी शेतकऱ्याशी बोलून लिहावे की, पहिला चट्टा कोणत्या बांधीत पडला, ती खोलगट होती काय, रोवणी दाट होती काय, युरिया किती वेळा व केव्हा दिला, पाणी साचून होते काय, आणि बुंध्याशी शेवटचे केव्हा पाहिले होते. चार-पाच गावांतून अशी टिपणे जमली की त्यांतून गावाचा नकाशाच उभा राहतो. कोणत्या बांध्या दरवर्षी आधी धरतात, हे कळते. मग पुढील वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून दर आठवड्यास त्या बांध्यांतील चुडांचे बुंधे हलवून पाहण्याची आठवण ॲपमध्ये आत्ताच लावून ठेवता येते. चुडामागे ५ ते १० तुडतुडे दिसू लागले म्हणजे उपाय करण्याची वेळ आली, ही संख्याही त्याच आठवणीत लिहावी. रोवणी करतेवेळी ठराविक अंतरावर मोकळे पट्टे सोडावे, ही सूचना मात्र जुलैच्या कप्प्यात टाकावी, कारण ऑक्टोबरमध्ये ती वाचून काही साधत नाही. ज्ञान ज्या महिन्यात मिळते त्याच महिन्यात ते लागते असे नाही. ते लागण्याच्या दिवशी समोर यावे, यासाठीच दिनदर्शिका आहे.

आठवड्याची निवड

रोज लिहिलेली सर्व टिपणे राखावयाची नसतात. सर्वच राखली तर बियाण्यात कचरा मिसळल्यासारखे होते व शोधताना काही हाती लागत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी किंवा रविवारी, पंधरा मिनिटे बसून निवड करावी. प्रत्येक टिपणास तीन प्रश्न विचारावे :

हे काम पुन्हा येणार आहे काय?
माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यास हे वाचून मदत झाली असती काय?
हे छापील शिफारशीत आधीच नाही ना?

पहिल्या दोहोंचे उत्तर होय आणि तिसऱ्याचे “नाही” असेल, तर टिपण “राखलेले” या कप्प्यात टाकावे व त्यास दोन-तीन ठराविक शब्द जोडावे. उदाहरणार्थ : पऱ्हे, सिहार, पाणी. शब्द मोजकेच ठेवावे व ते बदलू नयेत. आज “पऱ्हे,” उद्या “रोपवाटिका,” परवा “नर्सरी” असे लिहिले तर शोधताना तिसरा भागच हाती येईल. गावात जो शब्द चालतो तोच घ्यावा.

टिपणापासून कामपत्रकापर्यंत

हंगाम संपल्यावर, मळणी होऊन धान घरी आला की, राखलेल्या टिपणांवरून प्रत्येक मोठ्या कामाचे एकेक कामपत्रक तयार करावे. कामपत्रक म्हणजे ते काम क्रमाने कसे करावे याची छोटी यादी. पऱ्ह्याचे कामपत्रक काहीसे असे होईल :

• मृगापूर्वी १५ दिवस : बियाणे व मीठ घरी आणणे, वाफ्याची जागा पाण्याजवळ ठरविणे. एक हेक्टर रोवणीस सुमारे १० आर वाफा.
• टाकण्यापूर्वी १ दिवस : १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बियाणे त्यात ओतणे, तरंगलेले पोचट दाणे काढून टाकणे, बुडालेले बियाणे स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन सावलीत वाळविणे, मग बीजप्रक्रिया.
• दिवस ० : पहिला टप्पा टाकणे.
• दिवस ८ : दुसरा टप्पा टाकणे.
• दिवस १५ : रोवणीच्या मजुरांशी बोलणे.
• दिवस २१ : बांधीतील पाणी पाहून रोवणीचा दिवस ठरविणे.

या यादीत मुद्दाम तारखा घातलेल्या नाहीत. पाऊस तारखेप्रमाणे येत नाही. पऱ्हे टाकले तो दिवस शून्य धरून पुढचे-मागचे दिवस मोजले, की पाऊस लवकर येवो वा उशिरा, पत्रक तसेच उपयोगी पडते. पहिला दिवस ठरला की ॲपमध्ये बाकीच्या आठवणी त्यावरून लावून घ्याव्या. कामपत्रकाची प्रत काढून ती वापरावी व मूळ पत्रक तसेच ठेवावे. हंगामात जे नवे कळेल त्याने पुढील उन्हाळ्यात मूळ पत्रकात दुरुस्ती करावी. दोन-तीन हंगामांत हे पत्रक इतके नेमके होते की, घरातील नवख्या मुलामुलीसही त्यावरून काम चालविता येते.

ही पत्रके करताना रोवणी करणाऱ्या स्त्रियांना अवश्य विचारावे. पऱ्हे कोणत्या वाफ्यातून सहज निघते, कोणत्या बांधीत चिखल नीट बसत नाही, हे त्यांच्या हातांना आधी कळते. पण बैठकीत त्यांना कोणी विचारीत नाही व दैनंदिनीत ते उतरत नाही.

पारख केल्याशिवाय सांगू नये

एका बांधीतील एका हंगामाचा अनुभव म्हणजे शिफारस नव्हे. आपल्या टिपणावर “एकदा पाहिले,” “दोन हंगाम पाहिले,” “संशोधन केंद्रास विचारले” अशी खूण ठेवावी. औषधांची नावे व मात्रा यांबाबत तर टिपणावर मुळीच विसंबू नये. औषधांच्या मान्यता बदलतात, म्हणून त्या वेळचे वेष्टनावरील माहितीपत्रक व चालू शिफारस पाहावी. शंका असल्यास हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा साकोलीचे कृषी संशोधन केंद्र येथे विचारावे. टिपण आपल्याला प्रश्न नेमका विचारावयास शिकविते, हाही त्याचा लहान लाभ नव्हे. “धान पिवळा पडला, काय करू?” यापेक्षा “खरडी जमीन, रोवणीनंतर २० दिवस, पाणी साचलेले, खालची पाने आधी तांबूस,” असे सांगणाऱ्यास उत्तर लवकर व नेमके मिळते.

साठवण सुरक्षित असावी

कोठीस उंदीर लागतात तसे मोबाइलमधील साठवणीसही धोके आहेत. फोन पाण्यात पडतो, हरवतो. कधी ॲपच बंद होते. वंडरलिस्ट नावाचे कामांच्या यादीचे ॲप जगभर लोकप्रिय होते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ते २०१५ साली विकत घेतले व मे २०२० मध्ये बंद केले. उलट, कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली ऑर्ग-मोड ही प्रणाली रचली, तीत सर्व टिपणे साध्या मजकुराच्या फाइलीत राहतात. त्यामुळे ती कोणत्याही यंत्रावर उघडून वाचता येतात. आपण ती प्रणाली वापरावी असे नाही, पण तिच्यातील धोरण घ्यावे. ॲप कोणतेही असो, त्यातून मजकूर बाहेर काढता येतो काय हे आधी पाहावे. हंगामातून दोनदा राखलेल्या टिपणांची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी व कामपत्रके तर कागदावर छापून घ्यावी. आधार क्रमांक, बँकेचे खाते अशा गोष्टी या टिपणांत कधीही लिहू नयेत. त्या असल्या की टिपण दुसऱ्यास देता येत नाही.

बदलीच्या वेळी काय उरते

कार्यकर्त्यांच्या दृष्टीने या साऱ्याचे महत्त्व बदलीच्या वेळी कळते. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या सामान्यतः एप्रिल-मे महिन्यांत होतात, आणि खरिपाचे पऱ्हे जूनमध्ये पडतात. जुना कार्यकर्ता जातो तेव्हा फाइली, नोंदवह्या व शिक्के नव्याच्या स्वाधीन होतात. परंतु कोणत्या बांध्यांत तुडतुडा आधी येतो, कोणत्या बोडीचे पाणी सप्टेंबरअखेर आटते, पाण्याच्या पाळीचा वाद कोणत्या तोडग्याने मिटला, हे त्याच्याबरोबर निघून जाते. गावाला मग तेच पुन्हा सांगावे लागते, आणि दोन-तीनदा सांगून कंटाळलेला शेतकरी पुढे सांगेनासा होतो. घरातही असेच घडते. म्हातारा जातो तेव्हा सात-बारा मुलाच्या नावे होतो, पण त्या सात-बाऱ्यातील प्रत्येक बांधीचा स्वभाव कोणाच्या नावे होत नाही.

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावांसाठी दहा-बारा कामपत्रकांचा संच तयार ठेवावा व कार्यभार देताना तोही द्यावा. शेतकरी बंधू-भगिनींनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना येत्या हंगामात प्रत्येक मोठ्या कामाच्या दिवशी बांधीवर नेऊन एक प्रश्न विचारावा, “हे असे का करता?” आणि उत्तर तेथेच टिपून घ्यावे.

आरंभ फार मोठा करू नये. येत्या हंगामासाठी पऱ्हे, पाणी किंवा तुडतुडा यांपैकी एकच काम निवडावे. त्या कामाची प्रत्येक खूण करताना दोन ओळी लिहाव्या, आठवड्यास निवड करावी, आणि मळणीनंतर एक कामपत्रक पुरे करून ते पुढील वर्षाच्या मे महिन्यात समोर येईल असे लावून ठेवावे. तेवढे साधले की पुढची कामे आपोआप सुचतील.